एकच चादर, सतरा पत्ते : दुकानाच्या वेबसाइटवरचा डुप्लिकेट मजकूर आणि गूगल

पूर्वभागी

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात आमचं चादर, टॉवेल, नॅपकिनचं घरचं काम. माग वडिलांच्या काळापासूनचे, किरकोळ विक्रीची वेबसाइट मात्र अलीकडची. वर्डप्रेस आहे, त्यावर दुकानाचं प्लगइन. माल सगळा मिळून साठ-सत्तर प्रकारचा, पण सर्च कन्सोल (आपली साइट गूगलला कशी दिसते ते सांगणारं गूगलचंच साधन) उघडून बघितलं तर 'इंडेक्स न झालेली पानं', म्हणजे गूगलने शोधसूचीत न घेतलेली, हजाराच्या पुढे! आपल्याकडे इतकी पानं आहेत हेच मला माहीत नव्हतं. कारणांच्या यादीत 'डुप्लिकेट' हा शब्द वेगवेगळ्या शेपट्या लावून पुन्हापुन्हा आलाय.

त्यातच एका एजन्सीचा फोन. "तुमच्या साइटवर डुप्लिकेट कंटेंटची पेनल्टी बसली आहे, सगळी पानं नव्याने लिहून घ्यावी लागतील." दर पानाला वेगळा आकार. हजार पानांचा हिशेब मनात केला आणि कळवतो म्हणून फोन ठेवला.

परिस्थिती सांगतो. एकच जेकार्ड डबल चादर 'चादरी', 'लग्नाचा आहेर' आणि 'नवीन माल' अशा तीन विभागांत आहे आणि प्रत्येक विभागातून तिचा पत्ता वेगळा. रंग निवडला की पत्त्याच्या शेवटी जादा अक्षरांचं शेपूट, 'किंमत कमी ते जास्त' लावलं की आणखी एक. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवतो तिला यूटीएमचं, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते मोजायचं, शेपूट. साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडते, न लावताही उघडते. आधीच्या वेबसाइटवाल्याने 'पुण्यात सोलापुरी चादर', 'नाशिकमध्ये सोलापुरी चादर' अशी गावोगावची पानं करून ठेवलीत. शिवाय वस्तूंचं वर्णन आमच्या साइटवर जे आहे तेच मोठ्या ऑनलाइन बाजारांवरही, कारण तिथेही आम्हीच विकतो.

खरंच पेनल्टी असते का? आणि सुरुवात कुठून करू?

शेंगाचटणी

असते की! माझ्या मेव्हण्याच्या ब्लॉगची गूगलच्या पांडात पार वाट लागली होती. सगळं एआयला द्या, एका रात्रीत हजार पानं नवीन लिहून देतंय. एजन्सीला कशाला पैसे घालवायलाय मालक.

सातरस्ता

शेंगाचटणी, दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ होतेय.

पांडा हा गूगलच्या निकालांचा क्रम लावायच्या पद्धतीत २०११ च्या फेब्रुवारीत आलेला बदल. त्याचा रोख होता पातळ, इकडून-तिकडून उचललेल्या, वाचणाऱ्याच्या हाती काही न लागणाऱ्या साइटींवर. आपल्याच साइटवर एक वस्तू चार पत्त्यांवर दिसते हा त्याचा विषयच नव्हे. या दुसऱ्या प्रकाराला शिक्षा नसते, हे गूगलने २००८ मध्येच स्वतःच्या ब्लॉगवर लिहून टाकलंय. निकालांत घुसखोरी करायच्या हेतूने कुणी मजकूर छापत सुटला तर गोष्ट निराळी. गूगलचे मॅट कट्स २०१३ मध्ये म्हणाले होते की वेबवरचा पंचवीस ते तीस टक्के मजकूर डुप्लिकेटच असतो. एवढ्या सगळ्यांना शिक्षा करायची तर निकालात दाखवायला उरेल काय?

होतं असं. सारखी दिसणारी पानं गूगल एका गटात टाकतो आणि त्यातलं एक पान गटाचं मुख्य पान म्हणून निवडतो. त्यालाच कॅनॉनिकल म्हणतात. निकालात साधारण तेवढंच दिसतं आणि गटातल्या बाकी पत्त्यांना बाहेरून मिळालेल्या लिंकांचं वजनही त्याच्याच खात्यात जमा होतं. आता हे मुख्य पान कोणतं, हे तुम्ही नीट सांगितलं नाही तर गूगल स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. त्याचा अंदाज 'किंमत कमी ते जास्त' या शेपटीवाल्या पानावर बसला तर तोच पत्ता वर येणार, आणि तुम्ही ज्याच्यावर मेहनत घेतली तो मागे.

सांगायचे मार्ग तीन-चार आहेत. ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे एक पत्ता उघडला की कायमचं दुसऱ्यावर वळवणं, हा पक्का. पानाच्या हेडमधला (कोडच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागातला) रेल-कॅनॉनिकलचा टॅग हाही जोरदार, पण ती सूचना आहे, हुकूम नाही. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून २००९ च्या फेब्रुवारीत हा टॅग आणला आणि तेव्हापासून तो असाच आहे: बाकीच्या खुणा उलट बोलत असतील तर गूगल तो बाजूला ठेवू शकतो. साइटमॅपमध्ये (गूगलला देतो त्या पत्त्यांच्या यादीत) पत्ता असणं ही त्याहून हलकी खूण. आणि लोक ज्याकडे लक्षच देत नाहीत ती खूण म्हणजे तुमच्या स्वतःच्या मेनूतल्या, बॅनरवरच्या लिंका. टॅग एका पत्त्याचा, साइटमॅपमध्ये दुसरा आणि मेनूत तिसरा असेल तर ऐकायचं कुणाचं?

आता तुमच्या यादीतलं काय सोडून द्यायचं ते आधी सांगतो, म्हणजे रात्री झोप लागेल. 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग' असं जे लिहून येतं तो दोष नाही. शेपटीवालं पान गूगलने पाहिलं, टॅग वाचला, तुमचं ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. ती संख्या हजार असो नाहीतर पाच हजार, हात लावू नका. 'डुप्लिकेट विदाउट यूजर-सिलेक्टेड कॅनॉनिकल' म्हणजे तुम्ही काही सांगितलंच नव्हतं, त्याने ठरवलं. तिथे टॅग घालायचा. आणि 'गूगल चोज डिफरंट कॅनॉनिकल दॅन यूजर' म्हणजे तुम्ही सांगितलेलं त्याला पटलं नाही. यातला प्रत्येक पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून बघायचा. तुम्ही जाहीर केलेला कॅनॉनिकल आणि त्याने निवडलेला, दोन्ही तिथे दिसतात.

सुरुवात पत्त्यांपासून करा. मजकुराला अजून हात लावू नका. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवायचं की नाही, एकदाच ठरवा आणि दुसऱ्याला ३०१ ने त्यावर वळवा. कोणतं ठेवता याने फरक पडत नाही. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये पसंतीचं डोमेन निवडायची सोय होती, ती २०१९ मध्ये काढली. एचटीटीपी उघडत असेल तर तेही एचटीटीपीएसवर वळवा. मग वस्तूच्या पत्त्यातून विभागाचं नाव काढून टाका: चादर तीन विभागांत दिसू दे, पण कुठूनही दाबली तरी उघडणारा पत्ता एकच.

पूर्वभागी

सातरस्ता दादा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक शंका. आमचा एक भाचा पुण्यात कॉम्प्युटर शिकतोय, तो म्हणतो रोबोट्स.टीएक्सटी मध्ये (कोणते पत्ते उघडू नयेत ते गूगलला सांगणाऱ्या फाइलीत) शेपटीवाले सगळे पत्ते बंद करून टाक, एका ओळीचं काम आहे. करू का?

सातरस्ता

भाच्याला दंडवत, पण नको. रोबोट्समध्ये बंद केलेलं पान गूगल उघडूनच बघत नाही. उघडत नाही म्हणून त्यातला कॅनॉनिकल टॅग त्याला दिसत नाही, नोइंडेक्स ('हे पान निकालात घेऊ नका' ही खूण) तीही दिसत नाही. बाहेरून कुणी त्या पत्त्याला लिंक दिली असेल तर पान न वाचताच नुसता पत्ता निकालात येऊ शकतो, आणि त्या लिंकेचं वजन मुख्य पानाकडे जायचा रस्ताही बंद.

हेच नोइंडेक्सचं. आपल्याच साइटवरच्या जुळ्या पानांतलं एक निवडायला नोइंडेक्स वापरू नका. ते पान निकालातून पूर्ण उडवायचं असेल तरच वापरा. आणि एकाच पानावर नोइंडेक्सही आणि दुसऱ्याकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकलही, असं तर मुळीच नको.

रोबोट्स कामाचं तेव्हा, जेव्हा चाळण्यांची (फिल्टरांची) संख्या हाताबाहेर जाते: रंग गुणिले माप गुणिले किंमत गुणिले विणकाम, लाखो पत्ते, आणि गूगलचा पानं वाचणारा बॉट त्यातच फिरत बसतो. तशी चिंता कुणी करावी याचा गूगलनेच दिलेला अंदाज दहा लाखांवर पानं, किंवा दहा हजारांवर पानं आणि तीही रोज बदलणारी, असा आहे. तुमच्या सत्तर प्रकारांना क्रॉल बजेट (बॉट किती पानं वाचेल त्याची मर्यादा) या शब्दाची भीती कुणी घातली तर चहा पाजून वाटेला लावा.

चाटीगल्ली

वाचतोय. एक जुना व्यापारी म्हणून विचारतो, लाल चादर आणि निळी चादर ही दोन पानं की एक? माझ्या मते वेगळी. गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा "लाल दाखवा" म्हणून येतं, "चादर दाखवा" म्हणून नाही.

नवी_पेठ

काका, माझा अनुभव उलटा आहे. मी शाळेचे युनिफॉर्म विकते. आधी प्रत्येक मापाचं वेगळं पान होतं: अठ्ठावीसची चड्डी, तिशीची चड्डी, बत्तीसची चड्डी. माप सोडून एक अक्षर वेगळं नाही. सगळी एकमेकींच्या पायात पाय घालत होती. मापं एका पानावर आणल्यावर ते एक पान नीट वर आलं. शाळेच्या नावाची पानं मात्र वेगळी ठेवली, कारण पालक शाळेच्या नावानेच शोधतात आणि प्रत्येक शाळेचा कापड, खिसा, बॅजची जागा सगळं वेगळं असतं.

सातरस्ता

नवी पेठ ताईंनी नेमकं सांगितलंय. लोक ती गोष्ट वेगळी शोधतात का, आणि त्या पानावर वेगळं दाखवायला काही आहे का? दोन्हीला हो असेल तर वेगळं पान, त्याचा कॅनॉनिकल स्वतःकडेच. नाहीतर एक मुख्य पान आणि रंगाच्या शेपटीवाल्या पत्त्यांचा कॅनॉनिकल त्याकडे.

चाटीगल्ली काका, तुमचं निरीक्षण दुकानात शंभर टक्के खरं. पण शोधताना लोक 'लाल सोलापुरी चादर' लिहितात की नुसतं 'सोलापुरी चादर डबल', हे सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टात दिसतं. पूर्वभागी, तो बघून ठरवा. 'पांढरा टॉवेल' मात्र वेगळं पान मागेल असं वाटतं, कारण तो हॉटेल आणि लॉजवाले ठोक घेतात. तिथे जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला वजन) किती, धुलाईत किती टिकतो, किती नगांपासून ऑर्डर घेता, हे सगळं मजकूर म्हणून खरोखर वेगळं असणार.

चाटीगल्ली

लॉजचं गिऱ्हाईक रंग विचारतच नाही हे खरं. वजन हातात घेऊन बघतं. चादरीचं मात्र माझं मत कायम.

जुळेकर

गावोगावच्या पानांवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी काही वर्षं अशाच एका कंपनीत काम केलंय, आतून पाहिलंय. 'पुण्यात सोलापुरी चादर', 'नागपुरात सोलापुरी चादर' हे लग्नपत्रिकेचा छापील नमुना घेऊन फक्त वधू-वरांची नावं बदलण्यासारखं आहे. गिऱ्हाइकाकडून पन्नास पानांचे पैसे घ्यायचे आणि काम करायचं एका पानाचं.

सातरस्तांनी शिक्षा नसते म्हटलं ते विभाग, रंग, यूटीएम यांच्याबाबत बरोबर. या पानांबाबत मी तेवढा उदार होणार नाही. निरनिराळ्या गावांच्या नावांनी जवळजवळ सारखी पानं करून सगळ्यांना एकाच दुकानात आणून सोडायचं, याला गूगलच्या स्पॅम धोरणात डोअरवे म्हणतात आणि ते उघडउघड निषिद्ध आहे. २०२४ च्या मार्चमध्ये त्यात घाऊक मजकूरनिर्मितीचं कलमही आलं. वाचणाऱ्याच्या उपयोगासाठी नाही, तर निकालात चढण्यासाठी ढीगभर पानं काढली, मग ती माणसाने काढोत की यंत्राने, तर ते त्यात बसतं. शेंगाचटणी, तुमची एका रात्रीत हजार पानं नेमकी यातच मोडतात.

पूर्वभागी, तुमची पुण्यात शाखा आहे का? नाही ना? मग पुण्याचं पान काढून टाका. ज्या पानांना खरोखर क्लिक येतात ती मुख्य विभागावर ३०१ करा, बाकीची सरळ ४०४ किंवा ४१० ('पान नाही') होऊ द्या. सगळीच्या सगळी होमपेजवर वळवू नका, गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे नसल्यासारखंच पान, समजतो. त्याऐवजी 'कुठे-कुठे पोचवतो' असं एक खरं पान करा: कुरिअर कोणतं, किती दिवस लागतात, ठोक माल ट्रान्सपोर्टने जातो तर भाडं कुणाचं.

शेंगाचटणी

बरं बरं, एआय मागे घेतलं. पण मेव्हण्याच्या ब्लॉगवर सगळ्या रेसिप्या दुसऱ्यांच्याच होत्या, हे आत्ता लक्षात आलं 😄

हद्दपार_सोलापूरकर

पोटासाठी हिंजवडीत पडलेला सोलापूरकर. मराठी पत्त्यांबद्दल एक खास भानगड सांगतो, इंग्रजी लेखांत ही सापडत नाही.

देवनागरी पत्ता आतून टक्का-चिन्हांच्या रूपात जातो. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट, म्हणजे पत्त्यात नऊ अक्षरं खातं. काना, मात्रा, हलंत हे प्रत्येक वेगळं चिन्ह. वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप पत्ता करताना दोनशे अक्षरांवर कापतो, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. 'सोलापुरी जेकार्ड डबल चादर लाल' असं शीर्षक दिलंत तर पत्ता 'सोलापुरी-जेकार्ड-डबल-चाद' इथेच संपतो. 'चादर'मधला र सुद्धा मावत नाही! मग निळ्या चादरीचा पत्ताही तोच निघतो आणि वर्डप्रेस त्याला शेवटी दोन आकडा लावतो, हिरवीला तीन. पत्त्यावरून कोणती कुठली ते ना माणसाला कळतं ना यंत्राला. उपाय सोपा: पत्ता आपोआप होऊ देऊ नका, हाताने आखूड द्या.

दुसरी भानगड त्याहून खट्याळ. तुम्ही टेरीचे ॲप्रन विकता का? 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरा जुना मार्ग म्हणजे 'अ' लिहून त्यावर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन निराळे शब्द. एकाने मोबाइलवरून पान केलं, दुसऱ्याने कॉम्प्युटरवरून, तर डोळ्यांना एकच दिसणारे दोन पत्ते तयार. वर्डप्रेस इथे आकडाही लावत नाही, कारण त्याच्या लेखी ते वेगळेच आहेत. टॅगांच्या पानांवर हे फार होतं. तसंच 'सोलापूरी' आणि 'सोलापुरी' असे दोन टॅग. एक ठेवा, दुसरा त्यात विलीन करा.

नवी_पेठ

हद्दपार, वाचनखूण साठवली. माझ्याकडे 'सोलापूरी'वालं निघालंच.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पानं असतील तर ती डुप्लिकेट धरतात का?

हद्दपार_सोलापूरकर

नाही. भाषांतर डुप्लिकेट नसतं. पण भाषांतराची काही प्लगइनं मराठी पानाचा कॅनॉनिकल इंग्रजी पानाकडे लावून ठेवतात, आणि मग मराठी पान निकालात दिसत नाही म्हणून आपण मराठीला वाचक नाहीत असं म्हणत बसतो. प्रत्येक भाषेच्या पानाचा कॅनॉनिकल त्याच्याच स्वतःकडे हवा. दोघांची जोडी सांगायला एचरेफलँग टॅग आहे, मराठीसाठी त्यात 'एमआर' लिहायचं. इंग्रजी पानाने मराठीकडे आणि मराठीने इंग्रजीकडे, दोन्हीकडून हवा. एकतर्फी असला तर गूगल धरत नाही.

फक्त मेनू मराठी आणि खालचं सगळं वर्णन इंग्रजीच, अशी दोन पानं मात्र डुप्लिकेटच ठरू शकतात.

चाटीगल्ली

आता चोरीचं बोला. माझ्या साइटवरचे फोटो आणि वर्णन दुसऱ्यांनी जसंच्या तसं उचललंय. गूगलला कळत नाही का मूळ कुणाचं?

जुळेकर

बहुतेक वेळा कळतं, नेहमी नाही. मूळ लिहिणारा वर दिसेलच अशी हमी नाही, उचलणारी साइट मोठी असली तर तीच पुढे दिसू शकते. वर्णनातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा, कुणी-कुणी उचललंय ते दिसेल. लेखन आणि फोटो तुमचे असतील तर कॉपीराइटची तक्रार करायला गूगलचा फॉर्म आहे, आणि त्यावर पानं निकालातून जातात. पण आधी खात्री करा की ते वर्णन खरंच तुमचं आहे. आपल्याकडे ठोकवाल्याने व्हॉट्सॲपवर एक कॅटलॉग सोडला की त्यातली दोन ओळींची इंग्रजी वाक्यं गावभर सगळ्यांच्या साइटवर. तिथे चोर कोण आणि सावकार कोण?

सातरस्ता

पूर्वभागींच्या ऑनलाइन बाजारांचाही मुद्दा इथेच येतो. दुसऱ्याच्या साइटवरून स्वतःच्या साइटकडे कॅनॉनिकल लावता येतो (२००९ च्या डिसेंबरपासून), पण बाजारवाले तो लावू देणार नाहीत. आणि आपला मजकूर दुसरीकडे छापायला देताना गूगल आता त्या टॅगवर विसंबू नका, छापणाऱ्याला नोइंडेक्स लावायला सांगा असं म्हणतो. तेही बाजार करणार नाही. तेव्हा बाजारात त्यांच्या साच्यापुरतं आखूड वर्णन द्या आणि भरघोस मजकूर स्वतःच्या साइटसाठी राखून ठेवा.

पत्त्यांचं काम झाल्यावर आता कुठे लेखणी उचलायची, आणि सत्तरही पानांची नाही, आधी जी दहा-बारा खपतात त्यांचीच. एजन्सी जे लिहून देईल ते "उबदार, मुलायम, दर्जेदार" असंच असणार. चादरीचं वजन किती, माप इंचात किती, पहिल्या धुण्यात रंग जातो का, किती आटते, सुती किती आणि दुसरं सूत किती, कडेची किनार कशी, उन्हाळ्यात अंथरायची की हिवाळ्यात पांघरायची, हे तुमच्या कारखान्यातल्या माणसाशिवाय कुणाला माहीत असणार? रोज फोनवर गिऱ्हाइकं जे विचारतात तेच लिहा.

चाटीगल्ली

आणि मानांकन लिहा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तर तो क्रमांक पानावर द्या. बाहेरगावचा माल 'सोलापुरी' म्हणून विकणाऱ्याला तेवढं तरी उचलता येत नाही.

शेंगाचटणी

अवांतर: हल्ली खरी सुती चादर नेमकी कुठं मिळायलीय? गड्ड्याच्या जत्रेतनं घेतलेली दोन धुण्यांत मच्छरदाणी झाली.

चाटीगल्ली

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. जत्रेत खेळणी घ्यावीत, चादर नाही.

नवी_पेठ

धाग्यावर येते. मी डोमेन बदललं होतं त्याचंही सांगते, कारण त्यानेही जुळी साइट तयार होते. जुनं डोमेन चालू, नवंही चालू, दोन्हीकडे तोच माल. होस्टिंगवाल्याने जुन्याचं होमपेज तेवढं नव्यावर वळवलं होतं, आतली पानं तशीच. प्रत्येक जुनं पान त्याच्या नव्या जोडीदारावर ३०१ ने वळवायला लागतं. सर्च कन्सोलमध्ये 'चेंज ऑफ ॲड्रेस' आहे, तेही भरलं. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतो. मी जुन्या डोमेनचे पैसे दरवर्षी भरतेच, शाळांच्या जुन्या डायऱ्यांत तोच पत्ता छापलाय.

जुळेकर

दोन किरकोळ गोष्टी. दरपत्रकाची पीडीएफ साइटवर ठेवली असेल आणि तोच मजकूर पानावरही असेल तर निकालात पीडीएफ वर येऊ शकते आणि गिऱ्हाइकाला 'खरेदी करा'चं बटणच मिळत नाही. पीडीएफला हेड नसतं, म्हणून कॅनॉनिकल एचटीटीपी हेडरमधून (सर्व्हर फाइलीसोबत पाठवतो त्या माहितीतून) द्यावा लागतो. होस्टिंगवाल्याला सांगितलं तर करून देतो.

दुसरं, वर्डप्रेस प्रत्येक फोटोसाठी एक रिकामं पान काढून ठेवायचा. ६.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरपासून, नव्या साइटवर ते बंद असतं, जुन्या साइटवर मात्र अजून चालू असू शकतं. पूर्वभागींच्या हजारातली बरीच पानं तीच असणार, पैज लावतो.

पूर्वभागी

मंडळी, उशिरा येतोय, मध्ये आहेराच्या ऑर्डरी होत्या. तुम्ही सांगितलेलं क्रमाने करत गेलो.

जुळेकर पैज जिंकले, फोटोंची पानं शेकड्यांनी निघाली. ती आता थेट फोटोवर वळतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा निकाल लावला, पत्त्यातून विभाग काढले, गावांची पानं उडवली (कोल्हापूरच्या पानाला क्लिक येत होते, ते चादरींच्या विभागावर वळवलं). होमपेजच्या बॅनरवर आमच्याच माणसाने यूटीएमवाल्या लिंका लावल्या होत्या, त्या साध्या केल्या.

पण 'गूगल चोज डिफरंट' हटेना. शेवटी पानाचा सोर्स उघडून बघितला तर कॅनॉनिकलचे टॅग दोन! एक थीम घालत होती, एक एसईओचं (शोधात वर येण्यासाठीचं) प्लगइन, आणि दोघांचे पत्ते वेगळे. शिवाय विभागाच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे लावलेला. हे दुसरं बरोबर आहे की चूक?

सातरस्ता

चूक. दुसऱ्या पानावरच्या चादरी पहिल्यावर नाहीत, मग ते डुप्लिकेट कसं? पहिल्याकडे बोट दाखवलंत तर दुसऱ्या पानावरचा माल गूगलच्या नजरेला कमी पडतो. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडे ठेवा. कुणी 'नेक्स्ट-प्रीव्ह'चे (पुढचं-मागचं पान कोणतं ते सांगणारे) टॅग लावायला सांगेल. असले तरी बिघडत नाही, पण गूगल ते वापरत नाही हे त्यांनी २०१९ मध्येच जाहीर केलंय.

दोन टॅगांत थीमचा बंद करा, प्लगइनचा ठेवा. दोन वेगवेगळे पत्ते सांगणारे टॅग दिसले की गूगल दोन्ही सोडून देऊ शकतो. तुमचं ऐकलं जात नव्हतं त्याचं कारण हेच दिसतंय. आणि 'व्हॅलिडेट फिक्स' रोज दाबू नका, त्याने घाई होत नाही. महत्त्वाची दहा पानं इन्स्पेक्शनमधून पुन्हा मागवा, बाकी बॉट आपल्या चालीने येईल. काही आठवडे धरा, कोपऱ्यातल्या पानांना महिनेही लागतात.

चाटीगल्ली

पूर्वभागी, तुमच्या कापडी पिशव्यांवर क्यूआर कोड छापलेला बघितलाय मी. त्यात जुना पत्ता असेल तर त्या पिशव्या वाया?

पूर्वभागी

अरे हो, तो कोड डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्याचा आहे, शेवटी यूटीएमही आहे. गोडाऊनमध्ये पिशव्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत.

सातरस्ता

वाया नाहीत. ३०१ चालू आहे तोवर कोड चालणार. फक्त वळवताना यूटीएमचं शेपूट गळत नाही ना ते बघा, नाहीतर पिशवीवरून किती लोक आले हे कळणार नाही. मोबाइलने एक पिशवी स्कॅन करा आणि उघडलेल्या पानाचा पत्ता इथे टाका, मी बघतो.